आवाज दमवताना

रिकाम्या व्हॅनमध्ये उकिडवं बसून
मैनोद्दीन नदाफनं पत्र्यावर बोटाचं हाड वाजवलं.
टण्ण.
"डबा हाय बे हा.
रस्ता चाकातनं वर येतोय
अन् तुझ्या डब्यात ढोल बडवतोय."

त्याचा आजा कापूस पिंजायचा.
हा गाड्यांच्या सीटा शिवतो, अशोक चौकाच्या अलीकडं,
शटर अर्धं खाली ओढून,
मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत.
मी विचारलं, आवाज मारायला किती लागतील?
तो म्हणाला, "आवाज मरत नसतोय.
त्याला दमवायचं असतंय."

मग सगळं उचकटलं. मागची सीट, मॅट, फळ्या.
फळ्यांखाली निघाला आठ वर्षांचा कचरा,
एक रुपया,
आणि कुठल्याशा गठ्ठ्याची चिठ्ठी: नॅपकिन, बारा डझन, निळा.
चाकांच्या कमानींवर काळ्या चिकट शीटा
रूळ फिरवून फिरवून बसवल्या,
सगळीकडं नाही, पत्रा जिथं बोलतो तिथंच.
मी रिजेक्ट टॉवेलांचं पोतं नेलं होतं, किलोवर घेतलेलं.
"पत्र्याला नको. टॉवेल घाम धरतोय, गंज खाईल."
तेव्हा एक टॉवेल जॅकला गुंडाळला,
एक पान्यांना, बाळंत्यासारखा,
आणि उरलेल्यांनी आम्ही दिवसभर तोंड पुसलं.
संध्याकाळी दारांना नवं रबर लावून
त्यानं पुन्हा हाड वाजवलं.
ठप्प.
चटईवर कुणी खरबूज ठेवावं तसं.

हे कशासाठी, ते त्याला सांगितलं नाही.

सतरा वर्षं मी अक्कलकोट रोडला
चोवीस मागांच्या मधे उभा होतो.
तिथं आम्ही ओठ वाचायचो.
धागा तुटला की बोट वर, जेवणाला मूठ तोंडाशी,
मुकादम आला हे भुवयांनी.
घरीसुद्धा नागमणीच्या ओठांकडं बघूनच ऐकायचो.
तिला वाटायचं, नवरा फार प्रेमानं बघतो.
मग कारखाना बंद झाला, व्हॅन घेतली,
आणि दर गुरुवारी ती शेजारी बसू लागली,
लातूरच्या फेरीला, मांडीवर वसुलीची वही.
ती काहीतरी म्हणायची, मी हो म्हणायचो.
गाडी चालवताना ओठ वाचता येत नाहीत.
असल्याच एका हो मध्ये
तिच्या बहिणीला दहा हजार गेले.

या गुरुवारी तामलवाडी मागं टाकली
तेव्हा रस्ता शेजारच्या घरात गेला होता,
भिंतीपलीकडं काहीतरी दळत बसलेला.
इंडिकेटर टिकटिकतो हे मला माहीत नव्हतं.
वहीचं पान उलटलं, तेही कळलं.
आणि टायर गप्प झाल्यावर
त्याच्या मागं इतकी वर्षं जो उभा होता
तो पुढं आला:
उजव्या कानात एक सूर,
मागावर ओढून धरलेल्या ताण्यासारखा,
बारीक, न तुटणारा.

माग भंगारात गेले त्याला नऊ वर्षं झाली.
त्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे.
मैनोद्दीनला विचारावं का,
याला कुठली शीट चिकटते?

"किती शांत झालं," नागमणी तेलुगूत म्हणाली,
हळू, घरात बोलतात तशी.
मी हो म्हणालो.
"ऐकून हो, का नुसतंच हो?"

मी काच दोन बोटं खाली घेतली.
वारा आला, थोडा रस्ता आला.
सूर त्यात बुडाला, डोकं वर ठेवून.
"ऐकून," म्हणालो. "बोल पुढं."

औशाच्या दुकानदारानं जानेवारीपासून
चार हजार दोनशे थकवलेत,
हे ती मला तिसऱ्यांदा सांगत होती.